वांझ म्हणून घेतलेली घोडी

जगावर येणारं प्रत्येक मोठं संकट आधी आकाशात दिसतं, असा नाथाचा आयुष्यभराचा सिद्धांत होता— धूमकेतू घ्या, टोळधाड घ्या, लढाईतली विमानं घ्या. माणसानं मान वर ठेवली की तो बेसावध सापडत नाही— आणि आज सकाळी त्याचं स्वतःचं संकट त्याला दिसलं ते उकिडवं बसून, मान खाली घालून, शेवंतीच्या मागच्या दोन पायांच्या मधोमध, कासेच्या सडाला चिकटलेल्या एका पिवळट थेंबात. ज्वारीच्या दाण्याएवढा थेंब. पडत नव्हता. विझलेल्या मेणबत्तीच्या अंगावर शेवटचा ओघळ थिजतो तसा थिजून बसला होता, आणि नाथा त्याच्याकडे असा बघत होता, की आपण नजर हलवली तर तो पडेल आणि पडला तर... पडला तर काय, हे त्याला ठाऊक नव्हतं. टांग्याच्या अड्ड्यावर चंदर म्हणायचा, घोडीच्या सडाला मेण धरलं की आज नाहीतर उद्या विते. चंदर पुष्कळ गोष्टी म्हणायचा. त्यातली ही गोष्ट नाथानं कधी मनावर घेतली नव्हती, कारण शेवंतीला मेण धरण्याचा प्रश्नच नव्हता. शेवंती वांझ होती. वांझ म्हणूनच तर तिला घेतली होती.

"बघताय काय एवढं? लाजंल ती," मागून विठा म्हणाली.

नाथा दचकून उठला, उठताना त्याचं डोकं शेवंतीच्या पोटाला लागलं, आणि पोटानं आतून त्याला उलट धक्का दिला. लहानसा, हाडाचा, पण ठाम. तो पुन्हा खाली बसला.

"लाथ मारली?" विठाचा चेहरा असा उजळला, की जणू ती लाथ तिनंच शिकवली होती. "सकाळपासनं चाललंय त्याचं. मघाशी माझ्याशी पण बोललं."

बायको घोडीच्या पोटातल्याशी बोलते. बोलू दे. बायकांनी कोणाशी तरी बोलावं... पण ते उलट बोललं म्हणते, तेव्हा काय बोललं हे नाथाला विचारावंसं वाटलं आणि त्यानं विचारलं नाही. कारण आज विचारण्यासारखं काही सुरूच करायचं नव्हतं. आज वांगणीला जायचं होतं.

हे वाक्य पहाटेपासून त्याच्या मनात, चपलेत खडा शिरावा तसं, दर पावलाला टोचत होतं. वांगणीला मामाच्या घरी आई आधीच जाऊन बसली होती, आणि मामाच्या शेजारच्या वाडीतली एक मुलगी— तुळशी नाव, गोरी, कामसू, बापाच्या घरात खाणारी तोंडं फार— आज दुपारी नाथाला दाखवायची होती. दुसरी बायको म्हणून. पहिलीला मूल होत नाही म्हणून. दुसरी बायको करायला सरकारनं बंदी केलीय, हे नाथानं आईला सांगून पाहिलं होतं, आणि आई, म्हणजे इंदुबाई, तांदूळ निवडता निवडता म्हणाली होती, "सरकारला आई नसंल. म्हणून सुचतात असले धंदे." आईच्या कुठल्याच बोलण्यावर त्याला वेळेत उत्तर सुचत नसे. सुचेपर्यंत आई पुढच्या विषयावर गेलेली असे, आणि मग मागच्या विषयाचं उत्तर पुढच्या विषयाला जाऊन चिकटे. वांगणीला तो "हो" म्हणाला होता तो असाच. ते "हो" त्यानं खरं म्हणजे भाताला मीठ कमी पडलंय याला दिलं होतं असं त्याला वाटे. पण आईनं ते उचललं, पदरात बांधलं आणि गाडीत बसून वांगणीला घेऊन गेली.

विठाला त्यानं सांगितलं होतं, वांगणीला पेंढा बघायला जातो. शिंगरू यायचं तर खाली मऊ पाहिजे. हे खोटं नव्हतं. पेंढा लागणारच होता. माणूस पेंढ्याला म्हणून एखाद्या गावी गेला आणि त्या गावात कोणी त्याला चहाला बोलावलं आणि चहा घेऊन एखादी मुलगी बाहेर आली, तर त्यात त्या माणसाचा काय...

"जुना पेंढा आणू नका," विठा म्हणाली. "नवा बघा. पण नुसतं दुरून बघून हो म्हणू नका. तुमची सवय हाय. जवळ जाऊन बघायचं, चार माणसांना विचारायचं, मंग काय ते."

नाथाच्या मानेवरून घामाचा एक ओघळ सदऱ्यात उतरला. त्यानं तिच्याकडे पाहिलं. ती खाली वाकून ओव्याची पुरचुंडी बांधत होती. चेहऱ्यावर ओव्याशिवाय काही नव्हतं.

तबेल्याच्या कोपऱ्यात तिनं बाळंतपण मांडून ठेवलं होतं. जुनं लुगडं फाडून, धुऊन, घडी घालून. धुरीला ओवा आणि बाळंतशोपा. गूळ. मेथ्या. डिंक तर तिनं तळूनही ठेवला होता. घोड्याला डिंक चालतो का, असं नाथानं विचारलं होतं, त्यावर ती म्हणाली होती, "बाळंतिणीला चालतो." हे सगळं तिला येत होतं. गल्लीतल्या प्रत्येक बाळंतपणात ती असे. पाणी तापवायला, धुरी घालायला, सुईणीच्या हाताखाली. फक्त बारशाला पाळण्याजवळ तिला कोणी बोलावत नसे. बारशाला ती घरी बसून काहीतरी शिवत असे. आणि नाथा त्या दिवशी टांगा घेऊन मुद्दाम लांबचं भाडं...

धर्मराज म्हणाला होता, "वांझ हाय. म्हणून देतोय."

कल्याणचा धर्मराज. पंधरावीस घोड्यांचा धनी, दाताखाली सतत लवंग. शेवंतीला त्यानं उन्हात उभी केली तेव्हा ती इतकी पांढरी दिसत होती, की नाथानं डोळे बारीक केले होते. "एवढी देखणी घोडी का काढतोस?" तेव्हा धर्मराजनं लवंग या गालातून त्या गालात नेली. "माझ्याच घोड्यांना दाखवली. हंगामामागनं हंगाम. फळतच नाय. वांझ. मला शिंगरं पाहिजेत, तुला टांगा हाकायचा. तुला काय, सोनंच. कधी गाभण राहायची नाय, कधी खाडा पडायचा नाय." टांगेवाल्याच्या धंद्यात वांझपण हा केवढा मोठा गुण असतो हे नाथाला त्या दिवशी कळलं होतं. तबेल्यात गुण, आणि तबेल्याच्या भिंतीपलीकडे, चुलीपाशी... भिंत एकच होती, मातीची. घरी आणली तेव्हा विठानं शेवंतीला कुंकू लावलं, ओवाळायला निरांजन घेतलं आणि विचारलं, "एवढी गुणाची, नि विकली का हो?" आणि नाथा— मी तरी काय सांगणार होतो, मला दुसरं काही सुचलंच नाही— म्हणून गेला, "वांझ आहे म्हणून." निरांजन हवेत थांबलं. मग पुन्हा फिरलं. "मंग आमचं दोघींचं जमंल," विठा म्हणाली होती.

जमलंही होतं. घोडी पांढरी, शांत आणि मादी, म्हणून लगनसराईत उल्हासनगरच्या कॅम्पांतून बोलावणी यायला लागली. सिंध्यांचा नवरदेव घोडीवरच बसतो. घोडा चालत नाही, खेचर तर नाहीच. फाळणीत सगळं मागे टाकून आलेली माणसं बराकीच्या एका खोलीत पडदा लावून दोन संसार करत होती, पण मुलगा घोडीवरून गेला पाहिजे म्हणजे पाहिजे. तेव्हा शेवंती झूल पांघरून, कपाळावर मोत्यांची जाळी घेऊन, वर्षाचे काही दिवस राणीसारखी चाले आणि उरलेले दिवस अंबरनाथ स्टेशनवरून बोचकी वाहत असे. पोट वाढायला लागलं तेव्हा नाथानं त्याचा दोष बुंदीला दिला. लग्नातली बुंदी. जो येतो तो मूठ पुढं करतो. त्यानं तिची चंदी कमी केली, अड्ड्यावर सगळ्यांना बुंदीचे दुष्परिणाम समजावून सांगितले, आणि एक दिवस विठानं त्याचा हात धरून शेवंतीच्या पोटावर ठेवला आणि म्हणाली, "बुंदीला पाय असतात का हो?"

त्यानंतर अड्ड्यावर चंदर रोज एकदा म्हणायचा, "नाथाभाऊ, तुझ्या घरात कोणतरी राह्यली म्हणायची एकदाची!" सगळे हसायचे. नाथाही हसायचा. हसताना तो लगाम पुसत असे. त्याचा लगाम अंबरनाथातला सगळ्यांत स्वच्छ लगाम झाला होता.

पण राहिली कशी? कोणाकडून? हा प्रश्न त्यानं स्वतःला फार जवळून कधी विचारला नव्हता. आज मात्र मेणाच्या त्या थेंबानं... शेवंतीनं मागचा पाय उचलला, पुन्हा ठेवला, मान वळवून स्वतःच्याच कुशीकडे पाहिलं, जसं कोणी आपल्याला नावानं हाक मारली म्हणून पाहावं.

"मी आधी कॅम्पात जाऊन येतो," तो म्हणाला. "टहिलरामला सांगायला पाहिजे. त्याच्या धाकट्याचं लगीन. घोडी यायची नाय आता."

"जा की. वांगणीची गाडी दुपारची हाय ना? मंग हाय वेळ." तिनं पुरचुंडीची गाठ आवळली. "सदरा बदला. धुतलेला घाला."

"पेंढ्याला जायला धुतलेला कशाला?"

"माणसांत जाताय," विठा म्हणाली.

*

वालधुनी नदी ओलांडून तो कॅम्प पाचकडे निघाला तेव्हा ऊन चढायला लागलं होतं, आणि टांग्याच्या माणसाला पायी चालताना होतं तसं त्याला होत होतं— हात मोकळे, पुढं कान नाहीत, टापांचा आवाज नाही, रस्ता फार जवळ. हात काय करावे ते कळेना म्हणून त्यानं ते मागे बांधले, मग तो कोणीतरी मोठा माणूस दिसायला लागला, म्हणून सोडले. बराकींसमोर खाटांवर पापड वाळत होते. त्या लांबलचक लष्करी बराकींत लढाईत सोल्जर राहत; आता त्यांत खिडकीखिडकीला एक संसार आणि दारादाराला एक दुकान होतं. इथं कोणीच आपण होऊन आलेलं नव्हतं, पण सगळे जण कालपासून नव्हे, तर आजोबांपासून इथंच विकत असल्यासारखे विकत होते. नाथाला या गोष्टीचा एरवी हेवा वाटे. आज त्याला वाटलं, यांना बरं आहे, यांना निदान ठाऊक आहे की आपलं काय गेलं ते...

टहिलरामचं मिठाईचं दुकान. तो कढईपाशी बसला होता, बनियनला तुपाचे डाग, हातात झारा.

"अचो अचो, नाथासेठ! पैदल? घोडी किधर?"

"तेच सांगायला आलो, सेठ. धाकट्याच्या लग्नाला घोडी येणार नाय. गाभण हाय. आज-उद्या वितेय."

टहिलरामचा झारा थांबला. नाथानं खांदे आवळून घेतले. सिंधी शिव्या त्याला पुष्कळ येत होत्या, पण खाण्याची सवय नव्हती.

"माँ बनेगी?" टहिलराम उठून उभाच राहिला. "अरे वाह! और तू ऐसा मुँह लेके आया, जैसे कोई गुजर गया! साईं, ये तो खुशीची गोष्ट हाय. लगनवाली घोडी, माँ बन गयी. शगुन हाय शगुन!" त्यानं आत तोंड करून सिंधीत काहीतरी ओरडून सांगितलं, आतून बायकोचा हरखलेला आवाज आला. एका पुड्यात पेढे भरता भरता तो पुटपुटला, "आज-उद्या... म्हणजे राहिली कधी? पिछले साल... बैसाखी के बाद..." आणि पेढा पुड्याच्या वर तसाच धरून थांबला. त्यानं नाथाकडे पाहिलं. मग आतल्या दाराकडे. मग त्याचं पोट आधी हसायला लागलं आणि पाठोपाठ तो.

"काय झालं, सेठ?"

"धीरे बोल. घरवाली ऐकेल." तो कढईवरून पुढं वाकला. "पिछले साल मेरे दो लडके एक मांडवात. याद है? दो नवरदेव, दो घोडी. एक तेरी."

"आणि दुसरी कल्याणची. बँडवाल्यानं आणलेली. काळसर होती."

"घोडी मिळालीच नाय ना, साईं! लगनसराई! बँडवाला बोलला, मैं लाता हूँ, पूछना मत." टहिलरामनं डोळे पुसले. "घोडा था वो."

"घोडा?"

"पूरा घोडा. घुटनेतक झूल डाली, गळ्यात हार, कपाळाला मोरपीस, आणि भांग पिलायी की चुप रहे. मेरे भाई को मालूम नहीं, पंडित को मालूम नहीं, मेरी बायको को आज भी मालूम नहीं. मोठा मुलगा घोड्यावर बसून गेला हे कळलं तर मला कढईत टाकेल. और देख तमाशा— उसीको पहिला लडका हुआ!"

नाथा हसला. चेहऱ्याला हसायची सवय असते. तो आपण होऊन हसला. आत मात्र... आत त्या रात्रीच्या पेट्रोमॅक्सच्या बत्त्या एकदम पेटल्या. पंगत. पुऱ्या. लाडू. लाडू फार झाले होते. वरात उरकली, बँडवाला झोपला, आणि नाथानं, स्वतःच्या हातानं, त्या काळसर घोडीला शेवंतीच्या शेजारी बांधलं होतं. स्वतःच्या हातानं! आणि वर म्हणाला होता, "बांधतो एकत्र. बायाबायांना तेवढ्याच गप्पा." जन्म घोड्यांत गेलेला माणूस, आणि झूल उचलून बघितली नाही. का बघेल? सगळं गाव घोडी म्हणतंय, नवरदेव बसलाय, मोरपीस आहे— मग घोडीच असणार. कोण उचलून बघतं? जे सगळे म्हणतात ते...

म्हणजे शेवंती वांझ नव्हती.

तो पुडा घेऊन निघाला. टहिलराम मागून काहीतरी ओरडत होता. म्हणजे शेवंती वांझ नव्हती, हे ठीक. हे वाक्य इथं संपत होतं. पूर्ण वाक्य होतं, त्याला पुढं जायचं काही कारण नव्हतं. हंगामामागून हंगाम धर्मराजनं तिला आपल्या घोड्यांना दाखवली, आणि ती फळली नाही, आणि धर्मराजनं कपाळावर शिक्का मारून विकली. आणि भांग प्यायलेला कोणीतरी अनोळखी, झूल पांघरलेला, एका रात्रीत... म्हणजे दोष... नाही. शिंगराचं नाव काय ठेवावं? नर असला तर... पांढरं होईल की काळं? काळसरच होईल. म्हणजे दोष घोडीत... ऊन फार आहे. पुलाखालचं पाणी किती आटलंय बघा. तो भराभर चालायला लागला. पण तो विचार दारात उभ्या राहिलेल्या पाहुण्यासारखा होता. या म्हटलं नाही तरी जात नव्हता, उलट चपला काढायला लागला होता. धर्मराजनं आपल्या घोड्यांना कधी नावं ठेवली नव्हती. का ठेवेल? घोडे त्याचे होते.

कारखान्याचा भोंगा वाजला. नाथाच्या लक्षात आलं, की तो घरी जाणारं वळण सोडून स्टेशनात आला आहे.

बाकावर बसून त्यानं पुडा मांडीवर ठेवला. गाडीला अवकाश होता. वांगणीला आता आई मामाच्या ओसरीवर बसून वाट बघत असेल, आणि कुठल्यातरी घरात ती मुलगी, तुळशी, धुतलेलं लुगडं नेसून... तिलाही कोणी सांगितलं असेल, माणूस चांगला आहे, टांगा आहे, पांढरी घोडी आहे, पहिली आहे पण वांझ आहे. तिनं मान हलवली असेल. झूल उचलून बघायची तिची काय बिशाद. आणि मग वर्ष जाईल, दोन वर्षं जातील, आणि मग तीही बारशाच्या दिवशी घरी बसून काहीतरी शिवेल, दोघी शेजारी शेजारी बसून शिवतील, आणि मी लांबचं भाडं...

डॉक्टरणीकडे गेलो होतो. कल्याणला.

हे मात्र त्याला आठवायचं नव्हतं, आणि म्हणूनच ते उन्हासकट आठवलं. दवाखान्याबाहेर कडुलिंबाखाली टांगा उभा, तो खाली उभा, शेवंती इतकी शांत की तिच्या पाठीवर एक चिमणी येऊन बसली होती. विठा आत गेली, बराच वेळ गेला, मग बाहेर आली. "तुम्हाला आत बोलावलंय."

"मला? मला काय झालंय?"

"काही विचारायचंय म्हणतात. तुम्हाला पण तपासायला..."

"घोडीकडे कोण बघंल?"

विठानं शेवंतीकडे पाहिलं. चिमणीकडे पाहिलं. मग पायरीवरून टांग्यात चढून बसली. महादेवाच्या देवळाकडचं वळण आलं तेव्हा ती नुसतं म्हणाली, "काळजी करू नका म्हणाल्या." नाथानं "बरं" म्हटलं होतं. कोणी, कोणाला, कशाची काळजी करू नका— विचारलं नव्हतं. त्या दिवसापासून आजपर्यंत विचारलं नव्हतं. आणि त्यानंतर आईनं वैदूकडून काढे आणले, कडू, काळे, वास येणारे, आणि विठानं ते प्यायले. रोज. नाक धरून. डॉक्टरणीनं जर तेव्हाच तिला सांगितलं असेल की बाई, तुझ्यात काही... तर मग ते काढे तिनं कशासाठी...

गाडी आली. दारं, चेहरे, एक कोंबड्यांची टोपली. नाथा उठला. गाडी थांबली, आणि गेली. त्यानं ती सोडली असं म्हणता येणार नाही. सोडायला माणसाला काहीतरी ठरवावं लागतं. तो नुसता उभा होता, आणि गाडीनं त्याची फार वाट पाहिली नाही. पुन्हा बसला तेव्हा त्याला दिसलं, की शेवंतीचे पेढे त्यानं निम्मे खाऊन टाकले आहेत.

*

घरी पोचेपर्यंत उन्हं कलली होती. तबेल्यातून ओव्याच्या धुरीचा वास येत होता. आत शेवंती गोल गोल फिरत होती, थांबत होती, पुन्हा फिरत होती. मानेवर घाम काळा दिसत होता. तिच्याबरोबर विठा फिरत होती, पदर खोचून, कोपरापर्यंत तेल माखलेले हात तिच्या कुशीवरून फिरवत, मधूनमधून काहीतरी पुटपुटत. तबेलाभर नवा, पिवळाजर्द पेंढा पसरलेला होता.

नाथा दारातच थांबला. "हा कुठला?"

"पेंढा? चंदरभावजींनी कालच टाकला मागच्या बाजूला. मी सांगितला होता." तिनं मान वर केली नाही. "गाडी चुकली?"

"हो... म्हणजे... आली होती."

"बरं." हात फिरत होते. "आई वाट बघत असतील."

नाथाच्या तोंडात पेढ्याची गोडी होती, ती एकदम तुरट झाली. "तुला कोणी..."

"त्याच सांगून गेल्या जाताना. मुलगी गोरी हाय म्हणाल्या. तुझ्या हाताखाली होईल म्हणाल्या." शेवंती थांबली, तशी विठाही थांबली. "मी म्हटलं, होऊ दे. हाताखाली माणूस लागतंच. ही बघा ना, आता एकटीनं किती फिरायचं हिच्यासंगं."

तिच्या आवाजात राग शोधायचा त्यानं प्रयत्न केला. राग सापडला असता तर बरं झालं असतं. रागावर काय करायचं हे नवऱ्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक असतं. तो आत आला. बाजूनं फिरून शेवंतीच्या तोंडाशी उभा राहिला, म्हणजे विठा आणि तो यांच्या मध्ये घोडी आली. आणि अशी मध्ये घोडी घेऊनच आपण इतकी वर्षं उभे आहोत, असं काहीतरी त्याच्या मनात येऊन गेलं, पण त्यानं ते जाऊ दिलं. शेवंतीचा श्वास गरम होता. पोटाच्या कातडीखालून एक उंचवटा सरकला, इकडून तिकडे, कोणी आतून हात फिरवून दार कुठं आहे ते चाचपावं तसा.

"ती काळी घोडी घोडा होता," तो म्हणाला. "गेल्या वर्षीची. टहिलरामकडची."

विठानं पहिल्यांदा वर पाहिलं. मग इतक्या हळू हसली, की शेवंतीचा कानही हलला नाही. "आणि तुम्ही बांधलीत शेजारी."

"मीच बांधली."

"म्हणजे धर्मराजाचेच घोडे..." ती म्हणाली, आणि पुढं काही म्हणाली नाही. तेल पुन्हा हातावर घेतलं. तिनंही ते वाक्य तिथंच सोडलं होतं, जिथं त्यानं सोडलं होतं. पण सोडण्यात फरक होता. त्यानं ते टाकून पळ काढला होता. तिनं ते खाली ठेवलं होतं, ज्याला उचलायचं त्यानं उचलावं म्हणून, आणि बहुतेक आज ठेवलं नव्हतं. फार आधीपासून ते तिथं होतं. निरांजनापासून. चिमणीपासून. आपण रोज त्याला ओलांडून टांगा बाहेर काढत होतो...

भीती वाटायला हवी होती. वाटतही होती, पोटात, पेढ्यांच्या शेजारी. पण सकाळपासून अंगात जे धावत होतं, इकडून तिकडे, दार शोधत, ते एकदम एका जागी उभं राहिलं होतं. शेवंतीच्या मानेवरून त्यानं हात खाली आणला, तोंडाशेजारून वाकून पलीकडे, विठाच्या बाजूला आला. आता मध्ये काही नव्हतं. जन्मात कधी कोणाला विचारलं नव्हतं अशा आवाजात— तो आवाज आपला आहे हे त्याला ओळखू आलं नाही— तो म्हणाला,

"विठा, डाक्टरीण तेव्हा आत काय म्हणाली होती?"

विठाचे हात थांबले. शेवंतीनंही श्वास धरला, किंवा त्याला तसं वाटलं. विठानं त्याच्याकडे पाहिलं, कधी न भेटलेला कोणी दारात आला की आत घ्यावा का नाही असं बघतात तसं.

"सांगते," ती म्हणाली. "सगळं सांगते. पण आधी इकडं या नि माझ्या पाठीत खाजवा जरा. कवाधरनं खाजतंय, नि दोन्ही हात तेलाचे."